दफनभूमीला कमान नको, आधी मुरूम आणि चर द्या

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांस,
माहितीसाठी: मा. गटविकास अधिकारी, मा. तहसीलदार आणि गावातील सर्व नागरिक

विषय: ख्रिस्ती दफनभूमीच्या मंजूर कामात बदल करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात ख्रिस्ती दफनभूमीचे नाव आले, याबद्दल आधी मनापासून आभार. पण अंदाजपत्रक हातात पडल्यावर गप्प बसणे आम्हाला शक्य नाही. धरलेली कामे तीन आहेत. दर्शनी भागात सिमेंटची कमान, तिन्ही बाजूंनी विटांची भिंत आणि आत गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक. पांधण रस्ता, म्हणजे शेतांमधून दफनभूमीकडे जाणारी वाट, त्यात नाही. पाण्याचा निचरा नाही, नळ नाही, मोजणीही नाही. हा पैसा असाच खर्च झाला, तर कागदावर दफनभूमीचा विकास झालेला असेल आणि पुढची अनेक वर्षे "तुमच्याकडे निधी दिला होता" हेच उत्तर आम्हाला मिळत राहील. अर्जांना पोच मिळते, उत्तर मिळत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे, सगळ्या गावासमोर लिहीत आहोत.

लिहिणारे आम्ही कोण? गावातल्या ख्रिस्ती घरात कोणी वारले की टिकास-सब्बल घेऊन खड्डा काढणारे, पेटी दोरावर उतरवणारे आणि दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी गाजरगवत उपटणारे लोक. कमान बांधायची की नाही, हा आमच्यासाठी शोभेचा प्रश्न नाही. काळ्या मातीत माणसाला नीट मातीआड कसे करायचे, हा आमचा प्रश्न आहे आणि तो मातीपासूनच समजून घ्यावा लागेल.

आपल्या भागातली काळी कसदार जमीन पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, चांगली. खड्ड्याला आणि बांधकामाला तीच सगळ्यात अवघड. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या तीन-तीन फूट खोल असतात. मृगाचा पाऊस पडला की पाणी आधी त्या भेगांत शिरते, मग माती फुगून भेगा मिटतात आणि त्यानंतर पाणी ना खाली जिरते ना वाहून जाते. वरच्या शेतांचा उतार दफनभूमीकडे असल्यामुळे त्यांचे पाणी इथेच येऊन थांबते.

अशा जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये कबर खोदायची म्हणजे काय, हे अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंता साहेबांनी एकदा प्रत्यक्ष पाहावे. खड्डा सात फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाच ते साडेपाच फूट खोल लागतो. पहिले दीड-दोन फूट निव्वळ चिखल, फावड्याला चिकटून बसतो, झटकला तरी सुटत नाही. तीन फुटांच्या खाली बाजूंनी पाणी पाझरू लागते. काढलेली माती काठाशी टाकली तर तिच्या भाराने कड ढासळते आणि आत उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून माती काठापासून किमान तीन फूट दूर टाकायची, लांब बाजूंना फळ्या उभ्या करून मध्ये आडवे बांबू ठोकायचे आणि वर ताडपत्री ताणायची. खड्डा आदल्या दिवशी काढून ठेवता येत नाही, रात्रीतून तो भरतो. पहाटे सुरुवात करून मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपायच्या आत तो तयार ठेवावा लागतो.

तरीही तळाला पाणी साचतेच. मग पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप आणायचा. नुसता पाईप सोडला तर चिखल ओढून फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाईपाच्या टोकाची झडप, चोक होतो. त्यासाठी तळाच्या एका कोपऱ्यात आणखी फूटभर खोल खळगा करून त्यात गोटे आणि जाळीची टोपली ठेवायची आणि पाईप त्या टोपलीत सोडायचा. हे सगळे माहीत असलेली माणसे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

आणि पाणी पूर्ण उपसले गेले नाही तर काय होते, तेही स्पष्ट सांगतो, कारण हे कोणी बोलत नाही. पेटी सहा फूट लांब, वीस इंच रुंद, चौदा इंच उंच धरा. तिचे आकारमान भरते सुमारे ३३० लिटर. म्हणजे ती पाण्यात बुडायला ३३० किलो वजन हवे. लाकूड आणि देह मिळून वजन असते शंभर-एकशेदहा किलो. हिशेब सरळ आहे, खड्ड्यात पाचेक इंच पाणी असले की पेटी तळावरून उचलली जाते. लाकडी पेटीत पाणी लगेच शिरत नाही, त्यामुळे ती तरंगते आणि एका बाजूला कलते. मग चार माणसांनी बांबूने ती दाबून धरायची आणि बाकीच्यांनी घाईघाईने माती लोटायची. फादर प्रार्थना म्हणत असतात, मुलगा-मुलगी, नातवंडे काठावर उभी असतात. प्रत्येकाने मूठभर माती टाकायची ही आमच्यात शेवटच्या निरोपाची रीत आहे, आणि ती मूठ पाण्यात पडल्याचा आवाज त्यांना ऐकावा लागतो. गावातल्या कोणत्याही घराने आपल्या माणसाला असे पोचवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता मंजूर कामांकडे या.

सगळ्यात आधी भिंत. उताराच्या खालच्या बाजूला सलग विटांची भिंत उभी केली की आज जे पाणी दोन-तीन दिवसांनी का होईना नाल्याकडे सरकते, ते आतच अडेल. दफनभूमीचे तळे होईल. अंदाजपत्रकात भिंतीच्या पायथ्याशी पाणी जाण्यासाठी एकही मोरी किंवा भोक दाखवलेले नाही. शिवाय पाया धरला आहे दोन फूट. काळ्या मातीत दोन फुटांवर ठेवलेला पाया दर पावसाळ्यात वर उचलला जातो आणि दर उन्हाळ्यात खाली बसतो. दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरप्या चिरा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला तरच भिंत टिकते, पण मग खर्च कुठल्या कुठे जातो. त्यापेक्षा लोखंडी अँगल आणि जाळीचे कुंपण करा. दर आठ ते दहा फुटांवर अँगल, तो दोन फूट काँक्रीटमध्ये गाडलेला आणि खाली सहा इंच मोकळे. पाणी निघून जाते, गुरे आत येत नाहीत, आणि एखादा अँगल कलला तर तेवढाच बदलता येतो.

गट्टूंचेही तसेच. खालची काळी माती फूट-दीड फूट काढून, मुरूम थराथराने दाबून त्यावर गट्टू बसवले तर ठीक. अंदाजपत्रकात माती काढणेही नाही आणि मुरूमही नाही. नुसती वाळू अंथरून गट्टू. पहिल्याच पावसाळ्यात ते वरखाली होतील, आणि काठी टेकत येणारी म्हातारी माणसे त्यावर अडखळून पडतील. शिवाय कबरींच्या रांगांमधली जागा गट्टूंनी झाकली, तर पुढे खोदायचे कुठे?

कमानीबद्दल थोडे मोकळेपणाने बोलू. कमान आमच्या सन्मानासाठी धरली असेल, हे आम्ही समजतो. पण तिच्या दोन खांबांमधले अंतर आठ फूट दाखवले आहे. पेटी घेऊन येणारी ट्रॅक्टर-ट्रॉली त्यातून जेमतेम आत जाईल, मुरमाचा टिप्पर कधीच जाणार नाही. किमान बारा फुटांचे साधे दोन पल्ल्यांचे लोखंडी फाटक हवे. आणि श्रद्धेच्या बाजूनेही कमानीची काही गरज नाही. पोप फ्रान्सिस यांनी २९ जून २०२२ रोजी लिहिलेल्या मृत्युपत्रात आपली कबर जमिनीत, साधी आणि सजावटीविना असावी, तिच्यावर फक्त लॅटिनमध्ये आपले नाव असावे, असे सांगून ठेवले होते. एप्रिल २०२५ मध्ये रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये त्यांना तसेच दफन केले गेले. ज्यांच्या धर्मगुरूंचे गुरू साध्या कबरीत झोपले, त्या समाजाला दफनभूमीच्या दारावर कमान मिळाली नाही म्हणून कमीपणा वाटत नाही.

खरी अडचण आहे ती पांधणीची. वस्तीतल्या शेवटच्या नळापासून दफनभूमीपर्यंत अंतर अंदाजे चारशे मीटर. पावसाळ्यात ट्रॅक्टर चाकाच्या तुंब्यापर्यंत रुततो, म्हणून पेटी खांद्यावर न्यावी लागते. सहा जण खांदा देतात, दर पन्नास पावलांवर खांदा बदलतात आणि चप्पल चिखलात राहते म्हणून सगळे अनवाणी चालतात. मधल्या ओहोळावर पाईप नाही. पाणी वाहत असेल तर ते उतरण्याची वाट बघत पेटी काठावर ठेवून थांबायचे. हे काम फार मोठे नाही. तीन मीटर रुंद, चारशे मीटर लांब आणि दाबून एक फूट जाडीचा मुरूम धरला तर सुमारे ३६० घनमीटर, म्हणजे जवळपास १२७ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भरतो. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून मोकळा दीडशे ते एकशेसाठ ब्रास आणावा लागेल. आधी वरची मऊ माती काढायची, मग अर्ध्या-अर्ध्या फुटाचे दोन थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर, मध्यभागी थोडा उंचवटा आणि दोन्ही बाजूंना नाली. सगळा मुरूम एकदम टाकून वरून फक्त ट्रॅक्टर फिरवला, तर पहिल्या झडीत तो काळ्या मातीत गडप होतो. मागच्या खेपेला गावातल्या दुसऱ्या एका पांधणीवर नेमके हेच झाले, सगळ्यांनी पाहिले आहे.

या पांधणीचा उपयोग फक्त आम्हाला नाही. तिच्या दोन्ही बाजूंना शेते आहेत, सोयाबीन आणि कापूस याच वाटेने घरी येतो. आणि दफनाची रीतही फक्त आमची नाही. मुस्लिम बांधवांचे कब्रस्तान आहे, लिंगायत आणि गोसावी समाजात दफन करतात, तान्हे मूल गेले तर अनेक हिंदू घरांतही त्याला पुरतात. काळ्या मातीचा हा त्रास त्या सगळ्यांच्या वाट्याला येतो. म्हणून आम्ही मागत असलेला चर आणि मुरूम या सगळ्यांच्या जागांनाही मिळावा, ही आमची मागणी आहे.

ग्रामसभेत एक सूचना आली होती. नवीन स्मशानशेड झालेच आहे, ख्रिस्ती समाजानेही तिथे दहन करावे, पोपनी आता परवानगी दिली आहे. सूचना सद्भावनेने आली असेल, म्हणून तिचे उत्तर नीट देतो. कॅथोलिक चर्चने दहनाला १९६३ मध्ये परवानगी दिली, हे खरे आहे. पण १९८३ च्या चर्च-कायद्यातले कलम ११७६ सांगते की दफनाची पुण्यशील प्रथा चालू ठेवावी, अशी चर्चची आग्रहाची शिफारस आहे. दहनाला मनाई नाही, एवढेच. आणि २०१६ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केले की दहन केले तरी अस्थी आणि रक्षा पाण्यात सोडायची नाही, जमिनीवर किंवा हवेत उधळायची नाही, ती पवित्र जागी, म्हणजे मुख्यतः दफनभूमीत जपून ठेवायची. म्हणजे उद्या गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने दहन स्वीकारले तरी दफनभूमी लागणारच, तिथपर्यंत वाट लागणारच आणि तिथे पाणी साचून चालणार नाहीच. स्मशानशेडला आमचा विरोध नाही. ते गावाच्या गरजेचे होते आणि चांगले झाले आहे.

आमची जागा वेगळीच असावी, असाही आमचा हट्ट नाही. चर्चच्या कायद्याप्रमाणे स्वतःची दफनभूमी नसेल तर सार्वजनिक दफनभूमीत ठेवलेला भाग चालतो, आणि तेही शक्य नसेल तर प्रत्येक कबर त्या-त्या वेळी आशीर्वादित करतात. हट्ट आहे तो जागा कोरडी असण्याचा आणि तिची हद्द पक्की असण्याचा.

हद्दीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. जुने हद्दीचे दगड दोन बाजूंना सापडत नाहीत. दर खरिपात नांगराचे एक तास, म्हणजे एक सरी, धुऱ्यातून (बांधातून) आत येते, पुढच्या वर्षी आणखी एक. यात कोणा एका शेतकऱ्यावर बोट ठेवायचे नाही, धुरा दिसत नसेल तर नांगर थांबणार कुठे? पण असेच चालले तर कडेच्या जुन्या कबरी शेतात जातील. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे दफनभूमीसाठी राखून ठेवलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच की भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, क प्रत नकाशा घ्या, सिमेंटचे हद्दखांब रोवा आणि सातबाऱ्यावर दफनभूमीची नोंद स्पष्ट आहे की नाही ते तपासा. ही मोजणी कुंपणाच्या आधी झाली पाहिजे. आधी कुंपण आणि मग मोजणी केली, तर चुकीची हद्दच कायमची होते.

पाण्याचा नळ मागतो तो चैनीसाठी नाही. उन्हाळ्यात हीच माती दगडासारखी होते, सब्बल मारली तर ठिणगी उडते. आदल्या संध्याकाळी खुणेच्या जागेवर दोन-तीनशे लिटर पाणी सोडून रात्रभर मुरू दिले, तर सकाळी वरचे दोन फूट टिकासाने निघतात. आज ते पाणी बैलगाडीवर ड्रम भरून न्यावे लागते. खोदणाऱ्यांना प्यायला आणि हातपाय धुवायलाही तेच. नळयोजनेची लाइन वाढवून फाटकाजवळ एक हजार लिटरची टाकी आणि एक तोटी बसवली तरी पुरे.

दफनभूमीची वाट लागते अशी दुसरी वेळ नोव्हेंबरची. २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचा दिवस असतो, आणि १ ते ८ तारखेपर्यंत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याला चर्चमध्ये विशेष महत्त्व आहे. कामासाठी पुणे-नागपूरला गेलेली मुले त्या दिवसांत गावी येतात, कबरी धुतात, चुना लावतात, फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. परतीचा पाऊस लांबला तर तेव्हाही पांधण ओलीच असते. म्हणून ऑक्टोबरची मुदत आम्ही मुद्दाम मागत आहोत.

आमच्या समाजालाही इथेच एक विनंती. नवीन कबरीवर लगेच सिमेंटची पक्की चौकट करू नका. भरलेली काळी माती दोन पावसाळे खाली बसत राहते, त्याआधी ओतलेला स्लॅब मधून तडकतो आणि आत पाणी साठते. पहिल्या वर्षी फूट-दीड फूट उंच मातीचा ढीग, त्यावर मुरमाचा थर आणि लाकडी क्रूस एवढेच ठेवा. पावसानंतर खळगा पडला की पुन्हा भरा. आणि जागेचाही विचार करा. रांगेत नीट खोदले तर एका कबरीला मधल्या मोकळ्या जागेसह नऊ बाय पाच, म्हणजे ४५ चौरस फूट लागतात. दहा गुंठ्यांतून रस्ता, चर आणि कडेची जागा वजा केली तर जेमतेम दीडशे ते एकशेसाठ कबरी बसतात. आडवेतिडवे खोदत गेलो तर शंभरही बसणार नाहीत. रांगांचा नकाशा आणि क्रमांक आम्ही स्वतः तयार करू, धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मृतांच्या नोंदवहीशी ताडून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला देऊ. हे काम आमचे.

ग्रामपंचायतीकडून आमच्या मागण्या अशा:

१. कमान, विटांची भिंत आणि गट्टू ही तीन कामे रद्द करून त्याच निधीत काम बदलण्याचा ठराव येत्या ग्रामसभेत घ्यावा आणि सुधारित अंदाजपत्रकासाठी पंचायत समितीकडे पाठवावा. ग्रामपंचायतींना मिळणारे जनसुविधेचे अनुदान दफनभूमीच्या सोयींसाठीही असते, त्यामुळे बदलात अडचण येऊ नये. आली तर ती लेखी कळवावी.

२. सगळ्यात आधी मोजणी आणि हद्दखांब.

३. वरच्या अंगाने दोन फूट खोल चर. त्याला शंभर फुटांना किमान सहा इंच उतार देऊन तो थेट नाल्यापर्यंत न्यावा, शेजारच्या शेतात सोडू नये. चराची माती दफनभूमीच्या बाजूला टाकून तिचा बांध करावा, म्हणजे दुहेरी काम होईल. दर वर्षी मे महिन्यात चर साफ करण्याचे काम आराखड्यात कायम ठेवावे. गाळ भरलेला चर असून नसल्यासारखा.

४. पांधणीवर वर सांगितल्याप्रमाणे दोन थरांत दाबलेला मुरूम आणि ओहोळावर सिमेंटचे पाईप. जनसुविधेचा पैसा अपुरा पडत असेल, तर पाणंद रस्त्यांच्या योजनेत हे काम बसते का, याची लेखी विचारणा तालुक्याला करावी.

५. जाळीचे कुंपण, बारा फुटांचे फाटक, टाकी आणि तोटी. पैसे उरले तर आत खोदण्याच्या साहित्यासाठी एक लहान पत्र्याची खोली. फळ्या, बांबू, ताडपत्री आणि पंप आज कोणाच्या तरी गोठ्यात पडलेले असतात.

६. काम चालू असताना मुरमाची जाडी मोजायला आमच्यातल्या दोघांना हजर राहू द्यावे. मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्याआधी दर पन्नास मीटरवर खड्डा घेऊन जाडी तपासावी.

मोजणी आणि चर हे पावसाळ्यापूर्वी, बाकीचे काम ऑक्टोबर संपायच्या आत व्हावे. श्रमदानाची तयारी आहे. चराचे आखणीकाम, झुडपे तोडणे आणि वेडी बाभूळ मुळासकट काढणे आम्ही करू.

ठरावाचा निर्णय ग्रामसभेनंतर पंधरा दिवसांत लेखी कळवावा. आणि त्याआधी सरपंच, सदस्य आणि शाखा अभियंता यांनी एक वेळ ठरवून जागेवर यावे. शक्यतो जोराचा पाऊस होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी यावे, म्हणजे पाणी कुठून येते आणि कुठे अडते ते दाखवता येईल. फळ्या, बांबू आणि पंप घेऊन आम्ही तिथे हजर राहू.

आपले,
ख्रिस्ती दफनभूमीची देखभाल करणारे ग्रामस्थ